टाचदुखी आठ महिन्यांची, पैसे नेमके कशावर घालू?

*पत्र*

ताई, नमस्कार.

माझं वय ४८. नाशिकला माझं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे, हाताखाली दोन मदतनीस आहेत. पहाटे साडेपाचला ओट्यापुढे उभी राहिले की दुपारी एकपर्यंत हलत नाही. रोज अडीचशे-तीनशे पोळ्या होतात. गेले आठ महिने उजवी टाच दुखतेय. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की काच घुसल्यासारखी कळ येते. भिंत धरून चार पावलं टाकली की जरा मोकळं होतं. दुपारी डबे गेल्यावर बसते आणि उठले की पुन्हा तेच.

एक्स-रे काढला. टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. दोन महिने गोळ्या खाल्ल्या, गोळी आहे तोवर बरं. आता डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात. घराजवळ एक सेंटर आहे, तिथे शॉकवेव्हच्या ६ सिटिंगचं पॅकेज १८,००० सांगितलं. माझ्या जावेनं स्वतःच्या रक्ताचं इंजेक्शन घेतलं, तिला गुण आला. आई म्हणते, तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक घे. मामांनी अग्निकर्म, म्हणजे दुखऱ्या जागी डाग देणं, सुचवलं. मेडिकलवाल्याने जेलचे टाचेचे कप दिले, ते घालते. शुगरची गोळी दोन वर्षं चालू आहे. ऑपरेशन मला नको. २०,००० रुपये बाजूला ठेवलेत, ते यातल्या नेमक्या कशावर घालू? आणि गणपतीत ५०० उकडीचे मोदक आणि गौरीच्या पुरणपोळ्या अशी ऑर्डर आलीय. घेऊ का?

*उत्तर*

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलेली ती सकाळची चार पावलं मी गेली वीस-बावीस वर्षं फिजिओथेरपीच्या खोलीत ऐकत आले आहे, आणि ऐकणाऱ्याला निदानाकडे नेणारी याहून स्पष्ट खूण नाही. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं आणि तळपायाचा पट्टा आखडतो. पहिल्या पावलाला त्यावर सगळं वजन एकदम येतं म्हणून कळ उठते. बसून उठल्यावरही तेच घडतं. याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात.

तरी मी तुमची टाच इथून दाबून पाहू शकत नाही, म्हणून ते काम तुम्हीच करा. दुपारी बसलात की उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर घ्या. डाव्या हाताने पायाचा अंगठा नडगीकडे ओढा. तळव्यात दोरीसारखी एक कड वर येईल. त्या कडेवरून उजव्या हाताचा अंगठा टाचेकडे न्या. टाचेची गादी जिथे सुरू होते तिथे, आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा दाबली की "आई गं" होतं का? होत असेल तर आपण बरोबर जागी आहोत. आता टाच दोन्ही बाजूंनी, लिंबू पिळावं तशी, तळव्यांत धरून दाबा. त्याने जास्त दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पुढचं काही न करता आधी डॉक्टरांना दाखवा. टाचेत आग होते, मुंग्या येतात, बधिरपणा वाटतो, रात्री पडल्या पडल्याही दुखतं, दोन्ही टाचा सुजतात किंवा सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, यातलं काही असेल तर दुखणं वेगळं आहे आणि औषधही वेगळं. शुगर आहे म्हणून आणखी एक करा. डोळे मिटून बसा आणि मदतनीस मुलीला कापसाने दोन्ही तळव्यांना हलकेच शिवायला सांगा. कुठे स्पर्श कळला नाही, तर ती गोष्ट टाचदुखीहून मोठी समजा आणि पायाची नीट तपासणी करून घ्या.

आता त्या वाढलेल्या हाडाबद्दल. हे वाक्य ऐकून माणसं घाबरतात, कारण डोळ्यांसमोर येतो तो मांसात रुतलेला काटा. मग हाड आहे तोवर दुखणं जाणार नाही अशी मनाची खात्री होते आणि माणूस व्यायाम सोडून देतो. टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत असं हाड दिसतं. ज्यांची टाच दुखत होती आणि बरी झाली, त्यांचंही हाड जागच्या जागी असतं. तो वर्षानुवर्षांच्या ताणाचा ठसा आहे. तुमच्या सकाळच्या कळेचा कर्ता तो नाही. ती फिल्म कपाटात ठेवून द्या.

दुखतो तो पट्टा. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा, पांढरट, चिवट. पाऊल उचलताना बोटं वर वळतात तेव्हा हा पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान उचलून धरतो. चालताना, उभं राहताना तो दिवसभर राबतो. नावात 'आयटिस', म्हणजे सूज, आहे म्हणून सगळे सूज उतरवायच्या मागे लागतात. २००३ साली अमेरिकेत ऑपरेशनमध्ये काढलेले ५० रुग्णांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तर त्यांत सुजेच्या पेशी नव्हत्या, झिजलेले आणि विस्कटलेले तंतू होते. म्हणून जुन्या दुखण्यावर सुजेच्या गोळ्या तुम्ही लिहिता तसंच वागतात, गोळी आहे तोवर बरं. झिजलेले तंतू पुन्हा नीट विणले जायला दोन गोष्टी लागतात. रोजचा बेसुमार भार कमी व्हावा लागतो आणि मोजून-मापून दिलेला भार हळूहळू वाढावा लागतो. तुम्ही विचारलेला प्रत्येक उपाय मी याच कसोटीवर पाहते. कोणता उपाय पट्टा सुधारतो आणि कोणता फक्त कळ झाकतो?

सगळ्यात आधी तुमच्या यादीत नसलेला उपाय सांगते. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून तो कुणी सुचवलाच नसेल.

सकाळी जाग आली की पाय खाली टेकवायच्या आधी पलंगावरच बसा. उजवं पाऊल डाव्या मांडीवर घ्या, पायाची बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून बघा, तारेसारखा ताण लागला पाहिजे. नाही लागला तर बोटं आणखी ओढा. मनात दहा अंक मोजा, सोडा. असं १० वेळा. मग पाय खाली. दिवसात असं ३ वेळा करायचं, आणि त्यातली सकाळची वेळ कधीही चुकवायची नाही. दुपारी डबे गेल्यावर बसता ना, तिथून उठायच्या आधीची वेळ दुसरी. न्यूयॉर्क राज्यातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये १०१ रुग्णांवर हे पाहिलं, सगळे महिनोन्‌महिने टाच दुखणारे. अर्ध्यांना हा ताण दिला, अर्ध्यांना भिंतीला हात लावून पोटरी ताणायचा नेहमीचा व्यायाम. ८ आठवड्यांनी तळव्याचा ताण घेणारे स्पष्टपणे पुढे होते.

दुसरा व्यायाम ताकदीचा, आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास याच्यावर आहे. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या राहा. एक पंचा घट्ट गुंडाळून पायाच्या बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील आणि पट्टा ताणात येईल. टाच पायरीच्या बाहेर अधांतरी. कठडा धरा. तीन अंक मोजत टाच वर, दोन अंक वरती थांबा, तीन अंक मोजत खाली. घाई केलीत तर उपयोग नाही. सुरुवातीला दोन्ही पायांवर करा. दहा-बारा वेळा सहज जमायला लागलं की फक्त उजव्या पायावर, आणि तेही सहज झालं की पाठीवर सॅक अडकवून त्यात दोन किलो कणीक, मग चार किलो. एकाआड एक दिवस करायचा. मधला दिवस तंतूंना सावरायला हवा असतो.

डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांच्या अभ्यासात हा व्यायाम तपासला गेला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी ताकदीचा गट ताणाच्या गटापेक्षा बराच पुढे होता. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की दोन्ही वाटा पोचवतात, ताकदीची वाट लवकर पोचवते. पहिले दोन-तीन आठवडे करताना दुखेल. दहापैकी चारपर्यंतचं दुखणं चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा वाढलेलं नसावं. वाढलं तर वजन उतरवा, व्यायाम सोडू नका. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं इथेच थांबतात. दहा दिवस करतात, फरक पडत नाही म्हणतात आणि इंजेक्शन घ्यायला जातात. तंतू दहा दिवसांत विणले जात नाहीत. १२ आठवडे द्यायचे.

आता ओट्याकडे येते, कारण खरं दुखणं तिथे तयार होतंय. साडेसात तास एका जागी, बहुधा शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर, आणि बहुतेक अनवाणी. स्वयंपाकघरात चपला नकोत हा आपल्याकडचा रिवाज मी जाणते, माझ्या आईच्या घरीही तो होता. तरी तुम्हाला हात जोडून सांगते, एक नवा जोड फक्त आतल्या कामासाठी घ्या, जो उंबऱ्याबाहेर कधी जाणार नाही. धुतलेला, स्वच्छ. टाचेला जाड, कमानीला आधार असलेला, मागून पट्टा असलेला सँडल चालेल. औषधांच्या आणि ऑर्थोपेडिक वस्तूंच्या दुकानात मिळणारी एमसीआर, म्हणजे मऊ रबरी तळाची, चप्पलही चालेल. पण पातळ झालेली किंवा तळवा मधोमध दुमडणारी स्लीपर नको. पाय ठेवता तिथे जाड रबरी मॅट टाका. ओट्याखाली एक पाट ठेवा, दहा पोळ्या झाल्या की एक पाय पाटावर, पुढच्या दहाला दुसरा. वजन आलटून-पालटून पडू द्या.

आणि लाटणं बसून का होत नाही, याचा एकदा मनापासून विचार करा. पोळी भाजायला उभं राहावं लागतं, कणीक मळायला आणि गोळे करायला नाही. भाजी चिरायला, डबे भरायलाही नाही. उंच स्टूल आणि ओट्याला जोडून एक टेबल एवढीच सोय लागेल. तासभर तव्यावर तुम्ही, पुढचा तास मदतनीस, असं वाटून घेतलंत तर रोजचं उभं राहणं निम्म्यावर येईल. कोणतंही इंजेक्शन यापेक्षा जास्त काम करणार नाही. केंद्र तुमचं आहे म्हणून सगळ्यात जड काम आपणच करायचं हा बायकांचा हिशेब मला माहीत आहे. तो या १२ आठवड्यांपुरता तरी बाजूला ठेवा.

जेलचे कप घालता ते घाला, टाचेला बरं वाटत असेल तर हरकत नाही. पण कुणी पायाचा साचा घेऊन हजारोंचे खास इनसोल, म्हणजे चपला-बुटांत घालायचे तळ, बनवून देतो म्हणालं तर थांबा. ऑस्ट्रेलियात १३५ रुग्णांवर वर्षभर पाहिलं गेलं, २००६ ची गोष्ट. एका गटाला नुसता मऊ फोमचा तुकडा, दुसऱ्याला दुकानात मिळणारे तयार इनसोल, तिसऱ्याला मापाचे. तीन महिन्यांनी तयार आणि मापाचे दोन्ही घालणाऱ्यांना चालण्या-फिरण्यात थोडा फायदा दिसला, दोघांनाही साधारण सारखाच. वर्षाने तिन्ही गट एका रांगेत. तेव्हा तयार इनसोल पुरेत.

पट्टी बांधणं म्हणजे टेपिंग, त्याला लोक कमी लेखतात. तळव्याला विशिष्ट पद्धतीने चिकटपट्टी लावली की कमानीला आधार मिळतो. २००६ मध्ये ९२ जणांना आठवडाभर अशी पट्टी लावून पाहिली, तर पहिल्या पावलाची कळ कमी झाली. हा उपाय थोड्या दिवसांचाच, पण ऑर्डरच्या गर्दीच्या दिवसांत फार कामाचा. फिजिओकडून एकदा लावून घ्या आणि त्याचवेळी शिकून घ्या. शुगर आहे, त्यामुळे पट्टी काढताना कातडी सोलली जाणार नाही याची काळजी घ्या. रात्री घालायची कडक पट्टी, नाइट स्प्लिंट, काहींना लागू पडते, पण आपल्या उन्हाळ्यात ती घालून झोपणं बऱ्याच जणांना जमत नाही. सकाळचा ताण मनापासून केलात तर तिची गरज बहुधा पडत नाही.

आमच्या खोलीतल्या एका यंत्राबद्दलही सांगते, अल्ट्रासाऊंड. जेल लावून टाचेवर फिरवतात ते. टाचदुखीवर ते बंद यंत्र फिरवल्यापेक्षा सरस ठरलं नाही, असं १९९६ सालीच दिसलं होतं. मी ते टाचेसाठी वापरत नाही. दहा सिटिंग फक्त शेक आणि यंत्र देणारी आणि व्यायाम न शिकवणारी जागा असेल, तर तिथे पैसे घालू नका.

आता डॉक्टरांच्या इंजेक्शनकडे. ते स्टेरॉइडचं असणार. ते खोटं औषध नाही, कळ खरंच उतरवतं. पण किती दिवस? मेलबर्नमध्ये ८२ रुग्णांवर सोनोग्राफीत बघत इंजेक्शन देऊन पाहिलं, २०१२ मध्ये. ४ आठवड्यांनी दुखणं कमी होतं. ८ आणि १२ आठवड्यांनी ते इंजेक्शन आणि औषध नसलेल्या सलाइनचं इंजेक्शन यांत दुखण्यापुरता ठाम फरक उरला नव्हता. म्हणजे महिनाभराची उसनवारी. त्यासोबत दोन धोके येतात. एक, पट्टा कमजोर होऊन कधीकधी फाटतो. दुसरा, टाचेखालची चरबीची गादी विरळ होते. ती गादी परत भरून आणणारा उपाय आपल्या हाती नाही. पुन्हा पुन्हा घेतल्याने दोन्ही वाढतात. तुमच्या बाबतीत तिसरी गोष्ट शुगरची. स्टेरॉइडनंतर काही दिवस ती वर जाते. आणि चौथी, मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती. कळ थांबली की तुम्ही पुन्हा साडेपाचला उभ्या राहाल आणि साडेसात तास हलणार नाही.

कळेने झोप उडाली असेल, व्यायामाला पाय टेकवतच नसेल, तर एक इंजेक्शन घेऊन त्या महिन्यात व्यायाम पक्का करणं याला मी चूक म्हणणार नाही. डॉक्टरांना शुगरचं सांगा, सोनोग्राफीत बघून द्याल का असं विचारा, आणि नंतरचे दोन आठवडे टाचेला जपा. पण तुम्ही रोज केंद्र चालवताय, चार पावलांनी मोकळ्या होताय. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

जावेने घेतलं ते पीआरपी. आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेटचा दाट भाग टाचेत देतात. लगेच गुण येत नाही, पहिले काही दिवस उलट ठणकतं. स्टेरॉइडशी तुलना केली तर सुरुवातीला स्टेरॉइड पुढे आणि नंतर पीआरपी पुढे असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या ११५ रुग्णांच्या अभ्यासातही वर्षअखेरीस पीआरपीवाले जास्त बरे होते. तरी माझी एक अडचण राहते. ही शर्यत बहुतेक वेळा स्टेरॉइडशी लावलेली असते, नेटाने केलेल्या व्यायामाशी नाही. शिवाय प्लेटलेट किती दाट करायच्या, किती वेळा द्यायच्या, याची पद्धत दवाखान्यागणिक बदलते. जावेला गुण आला याचा मला आनंद आहे. तुमच्यासाठी मात्र हा रांगेतला शेवटचा उपाय.

शॉकवेव्हवर तुमचे जवळजवळ सगळे पैसे जायच्या बेतात आहेत, म्हणून त्यावर जरा थांबते. मूतखडे फोडण्यासाठी १९८० च्या सुमारास जर्मनीत हे तंत्र आलं, त्यातून पुढे हाडा-स्नायूंसाठीची यंत्रं निघाली. म्हणून अनेकांना वाटतं की टाचेचं वाढलेलं हाडही ते फोडत असेल. तसं होत नाही. टाचेवर जोरजोरात ठोके बसतात, सहन करण्याइतकं दुखतं, आणि त्या माऱ्याने थंडावलेल्या पट्ट्यात दुरुस्तीची हालचाल सुरू व्हावी हा उद्देश असतो. हा उपाय मी मानते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निदान सहा महिने दुखणारे आणि इतर उपायांनी न हटलेले २४५ रुग्ण होते. १२ आठवड्यांनी खरे ठोके घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के चांगले सुधारले. खोटे ठोके, म्हणजे नुसता यंत्र लावल्याचा देखावा, मिळालेल्यांपैकी किती? ४२ टक्के. दोन्ही आकडे जवळ ठेवा. यंत्र काम करतं हे पहिल्यातून कळतं आणि टाच वेळ दिला की स्वतःहूनही बरी होत असते हे दुसऱ्यातून.

म्हणून शॉकवेव्ह १२ आठवडे व्यायाम मन लावून केल्यावर, तरीही अर्धं दुखणं उरलं असेल तर, आणि व्यायाम चालू ठेवूनच घ्यायचं. नुसतं यंत्राखाली पाय ठेवून नाही. सहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरू नका. साधारण ३ सिटिंग आठवड्याच्या अंतराने देतात, फार तर ५. दर सिटिंगचे पैसे द्या, तिसऱ्यानंतर चार-सहा आठवडे वाट पाहा, कारण परिणाम उशिरा दिसतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि टाच हाताने न दाबता फक्त एक्स-रे बघून पॅकेज सांगणाऱ्यांकडे जाऊ नका.

आईचा विटेचा शेक. माझ्या आजीनेही तो घेतलेला मी पाहिलाय. चुलीत तापवलेली वीट, तिच्यावर रुईचं पान, पानावर टाच, आणि पानाचा चर्र आवाज. उबेने आखडलेले स्नायू सैल होतात, बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. पण शुगर असलेल्या पायाला चटका बसलेला बऱ्याचदा कळत नाही आणि फोड आला तर भरायला महिने लागतात. वीट नको. आईचं मन मोडू नका, कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवा, आणि पाणी किती गरम आहे ते तिला तिच्या हाताने पाहू द्या. रुईचा चीकही कातडीला पोळतो, तोही नको.

अग्निकर्माची परंपरा जुनी आहे, आयुर्वेदात टाचेच्या दुखण्याला वातकंटक हे नावच आहे. मामांनी चांगल्या मनाने सुचवलं. पण तळपायावर मुद्दाम डाग द्यायचा आणि शुगर अंगात, ही जोडी मला मान्य नाही. शुगर नसती तरी मी आधी व्यायामच सांगितला असता. शुगर आहे म्हणून सरळ नको म्हणते.

दुखण्याच्या गोळ्याही बंद करा, शुगरची नाही. सुजेच्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने आणि त्यात शुगर, म्हणजे मूत्रपिंडावर ओझं. फारच दुखलं त्या दिवशी काय घ्यायचं ते तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. वजनाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. वाढलेलं असेल तर टाचेवरचा भार त्यानेही वाढतो, चार-पाच किलो उतरले तरी टाचेला आणि शुगरलाही बरं. पण ते उतरेपर्यंत व्यायामाला थांबायचं नाही.

तर पैसे. सँडल, मॅट, स्टूल, तयार इनसोल एवढं आधी घ्या. दोन-तीन वेळा चांगल्या फिजिओकडे जा, व्यायाम नीट जमतोय का हे दाखवायला आणि पट्टी शिकायला. बहुतेक ५,०००-६,००० रुपयांत बसेल. उरलेले १४,००० बँकेत राहू द्या. भिंतीवर कालनिर्णय असेलच. रोज सकाळी पहिल्या पावलाला दहापैकी किती दुखलं तो आकडा त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहा. रोजच्या आकड्याकडे बघू नका, तो वर-खाली होणार. महिना उलटला की आधीच्या पानाशी ताडून बघा. आठाचे पाच झाले असतील तर वाट बरोबर आहे, चालत राहा. १२ आठवड्यांनीही अर्धं दुखणं उरलं असेल, तर त्या १४,००० तून शॉकवेव्ह. त्यानेही सहा महिन्यांत उतार पडला नाही तर पुन्हा नीट तपासणी, कदाचित सोनोग्राफी, आणि मग पीआरपीचा विचार. ऑपरेशन तुम्हाला नको आहे. बहुतेकांना ते लागतही नाही, दहातले आठ-नऊ जण वर्षभराच्या साध्या उपायांनी सुधारतात.

राहिली गणपतीची ऑर्डर. मोदक घ्या. उकड काढायला उभं राहावं लागेल तेवढंच. पाऱ्या करणं, सारण भरणं, कळ्या काढणं हे सगळं पाटावर किंवा स्टुलावर बसून होतं. तरी एका बैठकीत तासाहून जास्त बसू नका, आणि उठायच्या आधी बोटं नडगीकडे ओढायची ती दहा वेळा. मोदकपात्रं चढवायला-उतरवायला मदतनीस राहू दे. त्या दिवशी पहाटेच पट्टी बांधून घ्या. गौरीच्या पुरणपोळ्यांना मात्र यंदा निम्म्याला हो म्हणा. पुरणपोळीला तव्यापाशी उभं राहून सारखं लक्ष द्यावं लागतं आणि गौरीच्या नैवेद्याला सगळ्यांना ती एकाच सकाळी हवी असते. उरलेली ऑर्डर शेजारच्या एखाद्या केंद्राला द्या. गणपतीपर्यंतच्या पहाटे आजपासून मोजा, आणि पहिली उद्याचीच धरा. पाय खाली टेकवायच्या आधी पाऊल मांडीवर घ्यायचं.